उंबरठा आणि बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



‘आगोरा’ या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत. लोकांनी एकत्र जमण्याची सभाभूमी हा एक आणि क्रयविक्रयाचा बाजार हा दुसरा. या शब्दावरून बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली ‘ॲगोराफोबिया’ हे नाव घडवले. मोकळा चौक वा निर्मनुष्य रस्ता ओलांडताना त्यांच्या रुग्णांना अनावर भयाने ग्रासले जाई. सोबतीला कोणी असले म्हणजे मात्र ते भय ओसरे. ही नोंद विसरण्याजोगी नाही.

या विकाराला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही, भयाचा झटका आला तर मदत मिळणार नाही, अशा जागेची ही धास्ती असते. आधी आगगाडी टाळली जाते, मग रांग, मग बाजार. टाळता टाळता जग आक्रसत जाते आणि अखेर उंबरठा हीच सरहद्द ठरते.

लंडनमध्ये राहणाऱ्या, मूळच्या न्यूझीलंडच्या जॅकी केनी यांना हा विकार आहे. गूगल कंपनीने रस्त्यारस्त्यांतून गाड्या फिरवून टिपलेल्या दृश्यांतून त्या घरबसल्या मंगोलिया, सेनेगल, चिली, पेरू असा प्रवास करू लागल्या. त्यांतली वेचक दृश्ये त्यांनी इन्स्टाग्रामवर ‘ॲगोराफोबिक ट्रॅव्हलर’ या नावाने मांडली. २०१७ साली त्यांची कीर्ती जगभर पसरली आणि अनुयायांची संख्या वाढत गेली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ज्यांना विमानप्रवास म्हणजे संकट, त्यांना कीर्तीने अटलांटिकपलीकडे बोलावले, आणि त्या गेल्या. या धैर्याला आणि कलादृष्टीला दाद दिलीच पाहिजे. उंबरठ्याआड कोंडलेल्या माणसाला या माध्यमाने समदुःखी मिळवून दिले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु प्रश्न एका व्यक्तीच्या यशापाशी संपत नाही. या कीर्तीचे अर्थकारण काय? इन्स्टाग्राम ज्या मेटा कंपनीच्या मालकीचे आहे, तिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३,५०० कोटी डॉलर होते आणि ते जवळजवळ सारे जाहिरातींचे होते. पाहणाऱ्याचे लक्ष हा तिथला विक्रीचा माल आहे. ते लक्ष वेधून घेण्याचे श्रम असंख्य माणसे करतात, बहुतेक विनावेतन. गिरणीच्या भोंग्याला निदान सुटीची वेळ ठाऊक होती. इथे हजेरी अखंड असते. चार दिवस गप्प राहिलेला माणूस विस्मरणात जातो, हे भय त्या हजेरीमागे उभे असते.

निरोग्यालाही हा ताण जड जातो. मग ज्याचे सारे दुखणेच निसटू न शकण्याचे आहे, त्याचे काय होत असेल? घराचे दार लावता येते, पण हा बाजार खिशातल्या फोनमधून आत येतो. शिवाय आजाराच्याच नावावर कीर्ती उभी राहिली, तर बरे होणे हे व्यवहारात नुकसानीचे ठरू शकते. या विकारावरचा उपचार म्हणजे जाणत्याच्या मदतीने पायरी पायरीने बाहेर पडणे. बाजाराला मात्र दारामागचा माणूसच अधिक मोलाचा वाटतो. वेदनेचा माल होतो तो असा.

आपल्याकडे तर या दुखण्याला नावही मिळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते सुमारे दुप्पट आढळते. पण जी बाई घराबाहेर पडत नाही, तिच्या आजाराला आपला समाज ‘घरंदाजपणा’ म्हणून गौरवतो. तिला कीर्ती नाही आणि उपचारही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. तो हक्क तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत उतरवणे, हे आता राजकीय काम आहे. जाहीर कबुलीचे प्रदर्शन न मांडताही माणसाला औषध आणि माया मिळाली पाहिजे.

आणि एक काम आपल्या घरातले आहे. एखादा जुना कार्यकर्ता सभांना येईनासा झाला की ‘तो गळाला’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. त्याच्या दारी जाऊन कोणी विचारले आहे का? कदाचित त्याला एस.टी. स्टँडपर्यंत सोबत हवी असेल. दीडशे वर्षांपूर्वी वेस्टफाल यांनी नोंदवलेले सत्य साधे आहे: सोबत असली की चौक ओलांडता येतो. बाजार प्रेक्षक पुरवतो, सोबत पुरवत नाही. ती पुरवणे हेच समाजवादाचे काम आहे.