घटस्फोट दोघांचा, करार तिघांचा



घटस्फोटाची चर्चा निघाली की मुलांचा ताबा, पोटगी आणि राहतं घर यांवर सगळे बोलतात. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे तो विषय सहसा कुणी काढत नाही. तो म्हणजे दोघांनी मिळून काढलेलं गाडीचं कर्ज.

एकाच्या पगारावर कर्ज बसत नाही, म्हणून दुसऱ्याचा पगार जोडतात. बँकेचा माणूस बोट ठेवेल तिथे सह्या होत जातात. आपण सहकर्जदार म्हणून सही केली की जामीनदार म्हणून, हे घरी गेल्यावर विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही. गाडीला हार घातला जातो आणि कागद कपाटात जातात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आठ लाखांचं कर्ज आहे, व्याज ९ टक्के आणि मुदत पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १६,६०० रुपये. २४ हप्ते वेळेवर गेले आणि संसार मोडला. त्या दिवशी अंदाजे ५ लाख २२ हजार रुपये मुद्दल बाकी आहे. परस्परसंमतीनं घटस्फोट ठरतो. संमतीपत्रात एक ओळ येते: ‘गाडी पतीच्या ताब्यात राहील व तिचे उर्वरित हप्ते पती भरेल.’ न्यायालय त्यावर हुकूमनामा देतं. पत्नीला वाटतं, आपण सुटलो. पुढे ती स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला जाते, तेव्हा कळतं की तिच्या नावावर गाडीचे हप्ते थकलेले आहेत आणि सिबिल स्कोअर खाली आला आहे. बँकेच्या नोटिसा सासरच्या जुन्या पत्त्यावर जात होत्या.

तिचा पहिला प्रश्न असतो, ‘कोर्टानं सांगितलंय ना त्यांनी भरायचं?’ सांगितलं आहे, पण ते नवऱ्याला. बँक त्या अर्जात पक्षकार नव्हती. कर्जाचा करार तिघांचा होता. त्यातल्या दोघांनी आपसात केलेली वाटणी तिसऱ्यावर बंधनकारक होत नाही.

हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. कलम ४३ नुसार अनेकांनी मिळून वचन दिलं असेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांपैकी कुणाही एकाकडून संपूर्ण पूर्तता मागू शकतो. कलम १३२ म्हणतं की दोघांनी तिसऱ्यापाशी जबाबदारी पत्करली आणि आपसात ठरवलं की एकानं चुकवलं तरच दुसऱ्यानं भरायचं, तर त्या ठरावानं तिसऱ्याचा हक्क कमी होत नाही. त्याला तो ठराव माहीत असला तरीही नाही. जामीनदारालाही सुटका नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या निकालात सांगितलं.

बँकेनं गाडी ओढून नेली म्हणजे कर्ज फिटलं, असंही समजू नका. वरच्या उदाहरणात लिलावात तीन लाख आले, तर राहिलेले सव्वादोन लाख आणि वर चढलेलं व्याज दोघांपैकी कुणाकडूनही मागता येतं. आणि आरसी बुकावर एकाचं नाव, गाडी दुसऱ्याच्या हातात, ही अवस्था तर आणखी धोक्याची. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरतात. २०१८ च्या ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच म्हटलं आहे.

मग करायचं काय? हुकूमनाम्याआधी बँकेत जा. तीन वाटा आहेत. गाडी विकून कर्ज बंद करणं ही सगळ्यांत स्वच्छ वाट. गाडी ज्याला हवी त्यानं एकट्याच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडणं ही दुसरी. तिसरी, बँकेनं नवा करार करून एकाचं नाव कमी करणं. पण कर्जात राहणाऱ्याचा पगार पुरेसा वाटला तरच बँक ते करते, आणि ते लेखी मिळालं तरच खरं. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवा. नाव बदलायचं असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरा. विमाही त्याच नावावर करून घ्या.

हे लगेच जमत नसेल, तर संमतीपत्रातली ती एक ओळ नीट लिहून घ्या. कर्ज खातं क्रमांक, शिल्लक रक्कम, ते बंद करण्याची तारीख. आणि हप्ता चुकल्यामुळे दुसऱ्याला भरावा लागला तर ती सगळी रक्कम खर्चासह परत देण्याची हमी. ही हमी महत्त्वाची, कारण वेगळं काही ठरलं नसेल तर कलम ४३ सहकर्जदारांवर सारखाच वाटा टाकतं. हमी असेल तर भरलेला पैसा पूर्ण मागता येतो. बँकेला आपला नवा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी कळवा. जमत असेल तर थकलेला हप्ता भरा, पावती जपा आणि मग वसुलीला जा. तुमची बाजू न्यायाची असली तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

२०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं आवश्यक केलं. माझी वकील मंडळींना कळकळीची विनंती आहे: पोटगीचा वाद नसला, सगळं गोडीनं ठरलं असलं, तरी देण्यांची ती यादी पक्षकारांकडून भरून घ्या. आणि मुलीच्या किंवा मुलाच्या पाठीशी उभ्या असलेल्या आईवडिलांना सांगतो, दागिने आणि भांडी मोजता त्याच बैठकीत विचारा, ‘तुझी सही कुठे कुठे आहे?’ मोडलेल्या लग्नातून बाहेर पडणाऱ्या माणसाला नव्यानं उभं राहायचं असतं. त्याच्या पायात जुन्या गाडीचा हप्ता अडकू नये, एवढी काळजी आपण सगळे मिळून नक्की घेऊ शकतो.