कोरी जागा आणि शून्य



दिल्लीहून महाराष्ट्राकडे निघालेल्या गाडीच्या वाटेवर ग्वाल्हेर लागते. तेथील किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. 876 चा शिलालेख आहे. त्यात एका बागेची लांबी 270 हात कोरलेली आहे. त्यातील शून्यासाठी कारागिराने नुसती जागा सोडली नाही. लहानसे वर्तुळ कोरले. शून्यही लिहावे लागते, हे संगणकाच्या आज्ञावलीलाही लागू आहे.

आज्ञावलीत ‘चल’ म्हणजे नाव दिलेली जागा. मूल्य भरण्यापूर्वीच ती वाचली, तर काय हाती लागेल हे भाषेवर ठरते. सी भाषेतील स्थानिक चलात पूर्वीचाच काही अवशेष सापडू शकतो. न पुसलेल्या पाटीवर आधीच्या मुलाची बेरीज असावी, तसा. पायथन चूक दाखवून थांबते. लिनक्सचे शेल मात्र एरवी त्या जागी काहीच नाही असे धरून मुकाट्याने पुढे जाते.

याचे परिणाम जानेवारी 2015 मध्ये उघड झाले. ‘स्टीम’ या खेळांच्या प्रणालीतील एका शेल स्क्रिप्टमध्ये स्वतःच्या फोल्डरचा मार्ग एका चलात ठेवला जाई. पुढे त्याला तिरकी रेघ व तारका जोडून आतील सर्व काही पुसण्याची आज्ञा होती. एका वापरकर्त्याने ते फोल्डर अन्यत्र हलवले होते. मार्ग सापडला नाही, चल रिक्त राहिले आणि उरली केवळ तिरकी रेघ, म्हणजेच लिनक्सच्या साऱ्या फायलींचे मूळ. त्याच्या सर्व फायली पुसल्या गेल्या. बॅकअपसाठी जोडलेली बाह्य डिस्कही वाचली नाही. त्या ओळीपाशी ‘भीतीदायक!’ अशा अर्थाची टीप आधीपासूनच होती. धोका जाणवला होता. तपासणी तेवढी लिहिली गेली नव्हती.

असे दोष टाळण्यास थोड्या सवयी पुरतात. शेल स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ लिहिले, की मूल्य न दिलेले किंवा नाव चुकलेले चल येताच काम थांबते. परंतु मूल्य दिलेले असून रिक्त असेल, तर ही आज्ञा ते पकडत नाही; वरील प्रसंगातही ती पुरली नसती. तेथे महिरपी कंसात चलाच्या नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लिहावे. दोष शोधताना ‘सेट -एक्स’ प्रत्येक आज्ञा तिच्यातील मूल्यांसह दाखवते. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी काय पुसले जाणार, ते पडद्यावर छापून पाहावे.

मराठी शाळेत भूमितीचे प्रमेय लिहिताना आधी ‘पक्ष’, मग ‘साध्य’, त्यानंतर ‘सिद्धता’ हा क्रम शिकवला जातो. गणित सुटल्यावर ताळा पाहण्यास सांगितले जाते. पक्ष न लिहिता सिद्धतेकडे धावणाऱ्या मुलाला शिक्षक थांबवत, तेव्हा ते जाचक वाटे. आज संगणकापुढे बसणाऱ्या मुलांना पालकांनी आठवण करून द्यावी ती याच क्रमाची.