शाळेची परसबाग आणि शेजारची कोंबडी



साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या मुलखातील गाव. या मुलखात घरामागे सांदवाडी असते. तीत मुनग्याचे एखादे झाड, मांडवावर वालाचा किंवा दोडक्याचा वेल आणि त्या सावलीत दाणे टिपणाऱ्या दोनचार कोंबड्या असतात. माणूस, भाजी आणि कोंबडी यांचा हा संसार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तोच संसार शाळेच्या आवारात मांडू गेले असता मात्र पुष्कळदा चार दिवसांत मोडतो. जूनअखेर शाळा उघडते, मुले हौसेने वाफे करतात, लाल माठ आणि चवळी पेरतात. कोंब जेमतेम वर येतात, तोच शेजारची कोंबडी पिलांसह आत शिरते आणि एका सकाळी सारे वाफे उकरून टाकते. मुले दगड उचलतात, कोंबडीची मालकीण शाळेच्या दाराशी येते आणि पाठाचा विषय भांडणाचा विषय होऊन बसतो.

अपराध कोणाचा? उकरणे हा कोंबडीचा स्वभावच होय. पेरणीपूर्वी खणलेल्या वाफ्यात तिला सोडले, तर तेच उकरणे उपकारक ठरते. ती वाळवी, हुमणी व इतर अळ्या वेचून खाते आणि तणाचे बीही टिपते. पेरणीनंतर तीच शत्रू होते. रोपे गुडघाभर वाढली, वेल मांडवावर चढले, म्हणजे संध्याकाळी घटकाभर तिला आत घेण्यास हरकत नाही. फक्त माठ, पालक यांसारख्या कोवळ्या पालेभाज्यांच्या वाफ्यांना बांबूच्या कामट्यांचे स्वतंत्र कुंपण असावे. पीक निघाले की वाफा पुन्हा तिचाच. तात्पर्य, मित्र आणि शत्रू यांतील भेद येथे प्राण्याचा नसून वेळेचा आहे. फाटक केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे, हे निरीक्षणाने ठरविणे हाच परसबागेतील पहिला पाठ होय.

दुसरा पाठ खताचा. कोंबडीची विष्ठा फार कडक असते. ताजी घातल्यास रोपे जळतात, शिवाय तिच्यातून रोगजंतू पालेभाजीवर येतात. म्हणून ती शेण व पालापाचोळा यांच्यासह खड्ड्यात काही महिने कुजू द्यावी, मगच वाफ्यांत घालावी. बागेत काम केल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम मुलांनी एकदाही मोडू नये.

आता बियाणे. संकरित बियांच्या पिकातून धरलेले बी पुढे तसेच पीक देत नाही. गावठी वाल, चवळी, दोडका, आंबाडी यांचे बी मात्र घरीच धरता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु त्यांनी देशी वाणांचे बी जमवून जतन केले, इतरांस दिले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकोडीसारख्या गावातही प्रत्येक वर्गातील मुलाच्या घरी एखादी आजी असते, जिच्या मडक्यात राखेत घोळलेले बी असते. ते बी मुलाने आणावे, त्याचे नाव आणि आणल्याची तारीख वहीत लिहावी, आणि पीक निघाल्यावर मूठभर बी परत करावे. आपोआप उगवणारा तरोटा आणि चिवळ यांनाही तण म्हणून उपटून टाकू नये. पावसाळ्यात त्या गावच्या भाज्याच आहेत. मात्र रानभाजी जाणत्या माणसाने ओळखून दिल्यावाचून मुलांनी तोंडात घालू नये.

परसबागेत केवळ कोंबडीच येते असे नाही. साकोली परिसराजवळ नागझिऱ्याचे रान आहे. १९७० पासून ते अभयारण्य आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वानर, रानडुक्कर, मुंगूस, रानमांजर, क्वचित बिबट्या हे या भागाचे शेजारी होत. त्यांच्यापासून कोंबड्यांचे रक्षण करावयाचे तर सूर्यास्तापूर्वी त्यांना भक्कम खुराड्यात कोंडणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. रानडुकरासाठी कुंपणात विजेची तार सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतील फरक कळत नाही. शाळेच्या आसपास कोणी तसे करीत असल्यास शिक्षकांनी गप्प बसू नये.

सर्वांत गंभीर गोष्ट पुढची आहे. खुराड्याभोवती कणी सांडते. कणीसाठी उंदीर येतात. उंदरांमागे साप येतो. आणि त्याच वाटेवर मुलांचे अनवाणी पाय असतात. नाग, मण्यार आणि घोणस हे विषारी साप या जिल्ह्यात आहेत. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. म्हणून दिसेल त्या सापाला मारणे हा उपाय नव्हे. सांडलेला दाणा रोज झाडून घेणे, लाकडांचा व विटांचा ढीग वाफ्यांपासून दूर ठेवणे आणि गवत कापून ठेवणे हा खरा उपाय होय. दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट बांधणे, मांत्रिकाची वाट पाहणे हे सर्व वर्ज्य समजावे. मुलाला स्वस्थ ठेवून, अवयव न हलविता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. दाणा, उंदीर, साप आणि मूल ही साखळी ज्या वर्गाने प्रत्यक्ष पाहिली, त्याला अन्नसाखळीची आकृती फळ्यावर काढून दाखवावी लागत नाही.

शेवटी हिशेब. १९९५ साली सुरू झालेली आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणारी आहाराची योजना पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज ५० ग्रॅम भाजी सांगते. पटावर ४० मुले असतील तर ही २ किलो भाजी झाली. चारसहा वाफ्यांतून ती रोज निघणार नाही, हे मुलांना वजनकाट्यावरच कळू द्यावे. ज्या दिवशी २०० ग्रॅमच माठ निघाला, त्या दिवशी नोंदवहीत २०० ग्रॅमच लिहावा. तपासणीच्या दिवसासाठी विकत आणून लावलेली रोपे आणि फुगविलेले आकडे मुले पाहत असतात, आणि तो धडा ती भाजीपेक्षा अधिक काळ लक्षात ठेवतात.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातांच्या उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. परसबाग हा त्या विचाराचा सर्वांत स्वस्त प्रयोग होय. त्यास थोडे बांबू, मूठभर गावठी बी आणि सकाळसंध्याकाळ फाटकाशी उभा राहणारा एक विद्यार्थी एवढेच लागते. ज्या दिवशी शेजारची कोंबडी आवारात शिरेल आणि मूल दगड न उचलता प्रथम विचारील, "गुरुजी, आज वाफा मोकळा आहे की पेरलेला?" त्या दिवशी बाग रुजली असे समजावे.