ज्या पुस्तकात देवाचं नाव नाही

(स्नेहमेळाव्यात रविवारी सकाळच्या उपासनेत केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘देवावरचा भरवसा’ हा विषय दिला आणि बोलायला दहा मिनिटं दिली. म्हणून मी एकाच पुस्तकाबद्दल बोलते : एस्तेर. शास्त्राच्या तासाला आपण ते गोष्टीसारखं ऐकलं. देखणी राणी, दुष्ट हामान, पन्नास हात उंच फाशीचा खांब. आपल्या ६६ पुस्तकांत हिंदुस्थानाचं नाव फक्त याच पुस्तकात येतं, हे आपल्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं जायचं. मात्र मूळ इब्री एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा, पन्नाशीनंतर आलं.

राजाला ठार मारण्याचा कट मर्दखय उघडकीला आणतो. त्याची नोंद दरबारच्या बखरीत होते आणि राजा ते विसरून जातो. बक्षीस नाही की साधी शाबासकी नाही. चार-पाच वर्षं जातात. हामान वर येतो, सगळ्या यहुद्यांना मारायचा हुकूम निघतो आणि मर्दखयासाठी खांब उभा राहतो. नेमकी त्याच रात्री राजाला झोप लागत नाही. तो बखर वाचायला सांगतो आणि वाचणारा त्याच नोंदीपाशी येतो. कोणी देवदूत आला नाही, समुद्र दुभंगला नाही. एका माणसाला झोप लागली नाही, इतकंच. (आपल्या वयाला तर रोजच लागत नाही, तो भाग वेगळा.)

एस्तेरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने तीन दिवस उपवास केला, राजवस्त्रं घातली आणि बोलावणं नसताना राजापुढे जाऊन उभी राहिली. त्याची शिक्षा मरण होती. तिने एक मेजवानी दिली आणि दुसरीचं आमंत्रण दिलं. राजाची ती जागरणाची रात्र या दोन मेजवान्यांच्या मधली. तिचं काम तिने केलं. रात्री राजवाड्यात काय चाललं होतं ते तिला दिसत नव्हतं.

आता जरा अवघड बोलते. आमच्या घरी एप्रिल २०२१ मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ऑक्सिजनच्या खाटेसाठी आम्ही रात्रभर फिरलो. तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासाठी फोन करत होते. पहाटे खाट मिळाली, पण हे दुपारी गेले. नंतर आपल्यातल्याच एका मैत्रिणीने मला विचारलं, “अगं, राजाची झोप उडवणारा तुझा देव त्या रात्री कुठे होता?” तिने हे टोचायला विचारलं नव्हतं. तीही तिच्या भावासाठी तशीच फिरली होती.

माझ्याकडे उत्तर नाही. सांत्वनाला आलेले काही जण म्हणाले, “देवाची योजना होती.” मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. योजना आपल्याला वाचून दाखवल्यासारखं बोलायचा अधिकार कोणाला? एस्तेरचं पुस्तक लिहिणारासुद्धा सुटका झाल्यावर ‘हे देवाने केलं’ असं लिहीत नाही. जो सुटकेच्या वेळी इतका जपून बोलतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने तलवारीपासून वाचलेले लोक आहेत, आणि तीन ओळी खाली तलवारीने मारले गेलेलेही आहेत. लेखक दोघांना एकाच यादीत धरतो. दुसऱ्यांचा विश्वास कमी पडला असं तो म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढे केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांची आई झाल्यावर, १९२१ मध्ये हाताशी आलेली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. बायबलचा मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठी अनुवाद करायचं काम त्यांनी सोडलं नाही. एस्तेरचं पुस्तकही त्यात आलंच. देवाचं नाव नसलेलं ते पुस्तक मराठीत आणताना त्या बाईच्या मनात काय आलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करते.

मी माझ्यापुरतं सांगते. दर शुक्रवारची प्रार्थनासभा आमच्या घरी भरायची, ती अजून भरते. सुरुवातीला मी नुसती सतरंजी घालून बसायची. प्रार्थनेला शब्द यायचे नाहीत. मर्दखय दुसऱ्या अध्यायात नोंदला जातो आणि सहाव्यात आठवला जातो. मधल्या काळात तो रोज राजवाड्याच्या दाराशी येऊन बसतो. मी सध्या त्या मधल्या अध्यायांत आहे. आपली नोंद झालेली आहे, एवढं मी धरून आहे.

आपल्या तुकडीतले जे आज इथे नाहीत आणि जे गुरुजन प्रभूकडे गेले, त्यांची आठवण करून आपण उभे राहू या. ज्यांना शब्द येत नसतील त्यांनी नुसतं उभं राहिलं तरी चालेल.