पुढच्या सीटवर तिघं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नऊ वर्षं खजिनदार होतो. त्यामुळे आज हा माणूस थकबाकीची यादी वाचतो की काय, अशी धास्ती काही चेहऱ्यांवर दिसते आहे. घाबरू नका. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्या फियाटवर बोला." म्हणून उभा आहे.

मुलांसाठी थोडं सांगतो. गाडीचं डिझाइन इटलीच्या फियाट कंपनीचं, पण ती बनायची आपल्या कुर्ल्याला, प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. 1964 साली ती 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून आली आणि 1974 पासून 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. अर्थात पद्मिनी फक्त आरसी बुकात, लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच.

माझी गाडी 1981 चं मॉडेल. 1988 मध्ये बँकेचं वाहनकर्ज काढून सेकंडहँड घेतली. हौस म्हणून नव्हे, बरं का. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता, डावी बाजू गेली होती. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो आणि व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा ठाण्याला न्यावं लागे. रिक्षाच्या धक्क्यांनी ते कळवळायचे. बोलता नीट येत नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी यायचं.

ब्रँचमधले सगळे म्हणाले, मारुती घे. नवीन आहे, पेट्रोल कमी खाते. खरंच होतं ते. पण मी वडिलांना एका मित्राच्या मारुतीत बसवून पाहिलं. पुढच्या दोन सीट वेगवेगळ्या, त्यांना आधार द्यायला शेजारी कुणी बसूच शकत नव्हतं. मागे बसवावं तर आत शिरताना पाय दुमडायचा कसा? फियाटची पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. गिअर स्टिअरिंगखाली, त्यामुळे मध्ये दांडा नाही. दार उघडून वडिलांना टेकवायचं, रेक्झिनवरून अलगद आत सरकवायचं, की त्यांच्या डावीकडे आई आणि उजवीकडे मी. ते कलले तर आईच्या खांद्यावर. खुर्चीत बसल्यासारखी ताठ बैठक, समोर मोठी काच. पहिल्या दिवशी कोपरी येईपर्यंत ते रस्ताच बघत होते. आई म्हणाली, "हे बघ, हसतायत."

चार वर्षं आम्ही तिघं तसे गेलो. 1992 मध्ये वडील गेले. गाडी विकायची गोष्ट घरात कुणी काढली नाही.

तिचे दोषही सांगायला हवेत. आराम बसणाऱ्याला, चालवणाऱ्याचे दंड भरून यायचे. थंडीत चोक ओढून विनवण्या. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना इंजिन तापून पेट्रोल यायचं थांबे. मग बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि चिक्की खात बसायचं. एक्सप्रेसवेवरून जाणाऱ्यांना ही मजा कळायची नाही.

2000 साली आपण सगळे इथे राहायला आलो. तेव्हाचा घोडबंदर रोड आठवा. रात्री दहानंतर रिक्षा दिसली तर नशीब. आपले बत्तीस फ्लॅट आणि गाड्या चार! त्यामुळे आमची बेल रात्री-अपरात्री वाजायची. हिने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, हे इथे नोंदवतो. एकदा बी विंगमधल्या वहिनींना पहाटे तीनला कळा सुरू झाल्या. त्यांना मागे आडवं केलं, पायाशी त्यांच्या जाऊबाई. पुढे मी, बाळाचे होणारे बाबा आणि आजी. पुन्हा तिघं. आजी वाटभर रामरक्षा म्हणत होत्या आणि मी खड्डे चुकवत होतो. ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे मी.

26 जुलै 2005 च्या पावसात स्टिल्टमध्ये सीटपर्यंत पाणी चढलं. आठ दिवस दारं उघडी ठेवून वाळवली, प्लग साफ केले, तेल बदललं. सी विंगच्या पोरांनी धक्का मारला आणि ती सुरू झाली. शेजारच्या नव्या गाडीला महिना लागला. हे आकसाने सांगत नाही. थोडं आकसानेच सांगतो.

2011 मध्ये पुन्हा पासिंगची वेळ आली. पत्रा गंजलेला, पार्ट मिळेनात. गॅरेजवाल्यालाच देऊन टाकली. आई तेव्हा 84 वर्षांची. ती खाली आली, पुढच्या सीटवर दोन मिनिटं डाव्या बाजूला बसली आणि काही न बोलता वर गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. ती बातमी मी हिला मोठ्याने वाचून दाखवली.

आता एक विनंती. इतकी वर्षं गाडी होती, पण पूर्ण गाडी दिसेल असा एकही फोटो आमच्याकडे नाही. आपल्या इथल्या निदान दोन लग्नांत ती फुलं लावून उभी होती. कुणाच्या अल्बममध्ये असेल तर कृपया पाहा. ए विंग, दुसरा मजला. बेल कधीही वाजवा, सवय आहे.