मुलांस गाणें शिकवितांना
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंतील भाषण)



११ ते १४ वर्षांच्या मुलांस संगीत शिकविणें हें फार नाजूक काम होय. याच वयांत मुलाचा कंठ फुटतो. काल उंच स्वरांत गाणारा आज खर्जांत घसरतो. अशा वेळीं "तुला गळा नाहीं" असें कोणी म्हटलें, तर तो कदाचित् जन्मभर मिस्सेंतही ओठ मिटून उभा राहील.

संगीत निवडक गळ्यांसाठीं नव्हे, सबंध वर्गासाठीं असावें, असें आम्हांस वाटतें. अकराव्या शतकांत बेनेदिक्तीन संन्यासी ग्विदो यांनीं संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रांतील आद्याक्षरें घेऊन 'उत, रे, मी, फा, सोल, ला' हे स्वर शिकविले. दहा वर्षांचें शिक्षण त्यामुळें एक-दोन वर्षांवर आलें, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं घराण्यांतील चिजा स्वरलिपींत उतरवून क्रमिक पुस्तकांत आणिल्या. दोघांनींही विद्येचें दार सर्वांस उघडलें.

शिक्षकहो, ज्याचा कंठ फुटत आहे त्यास खालच्या पट्टींतलें, थोड्या स्वरांचें गाणें द्यावें. ओरडूं देऊं नये. हातीं टाळ वा ढोलकी द्यावी, पण वर्गाबाहेर बसवूं नये. कॅथोलिक शाळांनीं संगीतशिक्षणाकडे लक्ष द्यावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं सांगितलेंच आहे.

आईबापांनो, घरीं संध्याकाळच्या प्रार्थनेंत मुलांबरोबर आपणही गा. पुढील ज्युबिलीचीं गीतें याच कंठांतून उमटावयाचीं आहेत.