ध्येय कोणाचे?



मी मराठीचा अध्यापक. मानसोपचार हा माझा प्रांत नव्हे. परंतु त्यातील एक प्रश्न भाषेचाही आहे, म्हणून तो या विद्यानगरातील ग्रंथप्रेमींपुढे ठेवतो. शेजारच्या धारवाडचे एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालय आज 'डिमहान्स' ही शिक्षण-संशोधन संस्था झाले आहे. औषधांच्या जोडीला संवादाने मन सावरण्याचे शास्त्रही आता आपल्या परिचयाचे होत आहे. या संवादात प्रारंभीच विचारले जाते, 'आपल्याला यातून काय साधायचे आहे?'

गांजलेल्या माणसाला काय नको ते सांगता येते. काय हवे ते चटकन उमगत नाही. शिवाय आपल्याकडे तो बहुधा एकटा येत नाही. समजा, एका तरुणाला वडील घेऊन आले. त्याने नोकरीस लागावे, ही वडिलांची इच्छा. मुलाला मात्र आधी सकाळी धास्तीवाचून उठायचे आहे. वडिलांची इच्छाच कागदावर उतरली, तर उपचार ही त्याला आणखी एक परीक्षा वाटू लागते, आणि नापास होण्याच्या भयाने तो येईनासा होतो.

'उद्दिष्ट' म्हणजे दाखवून दिलेले. 'ध्येय' म्हणजे ध्यान करण्याजोगे. उद्दिष्ट दुसराही दाखवू शकतो; ध्यान ज्याचे त्यानेच करावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याची तीन अंगे सांगितली: ध्येयाविषयी एकमत, करावयाच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. आपल्याकडील मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ मध्ये उपचारासाठी गुरु-शिष्य नात्याचा विचार मांडला होता. त्या नात्यात विश्वास मोठा. पण त्याच विश्वासापोटी 'तुम्ही म्हणाल तसे' असे म्हणत माणूस आपले ध्येयही तज्ज्ञाच्या स्वाधीन करून बसतो.

येथील मराठी माणूस बाजारात कानडी बोलतो, कचेरीत इंग्रजी लिहितो. पण त्याचा 'जीव घाबरा होतो' तो मराठीत. 'चिंता-पातळी घटविणे' हे ध्येय त्याला परके वाटेल. 'आठवड्यातून दोनदा सर्वांबरोबर जेवायला बसेन' हे त्याचे स्वतःचे असेल. ते पुढे बदलण्याची मुभाही त्याला हवी. कारण मन सावरू लागले की मागणेही बदलते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीस, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. त्या अधिकाराला शब्द लागतात. म्हणून आप्तांना माझी एवढीच विनंती आहे: तज्ज्ञांपुढे बसल्यावर पहिले वाक्य त्याला बोलू द्यावे, आणि ते अडखळत आले तरी मध्येच पुरे करू नये.